दुसरी हातात नसताना

आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं ना, ते नखानं उचकटायला वेळ लागतो, डिंक पक्का असतो. मी तेव्हा मायक्रोफायनान्स कंपनीत फील्डवर होतो, बायांच्या गटांना लोन द्यायचं आणि दर पंधरा दिवसांनी हप्ता गोळा करायचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावकडच्या एका गावात सेंटर मीटिंगला, म्हणजे हप्ता भरायच्या बैठकीला, एका वहिनीनं माझ्यासमोर बसून तसं नाणं काढलं. सकाळचे साडेसात वाजले असतील, समाजमंदिराच्या ओट्यावर ताडपत्री टाकलेली, पंधराएक बाया बसलेल्या, कोणी डोक्यावरून स्कार्फ गुंडाळून आलेली कारण इथून थेट वावरातच जायचं, आणि हिच्या हातात लाल-सोनेरी पाकीट. आतून एक पाचशेची निघाली, मग शंभराच्या, मग दहा-दहाच्या. सगळं मोजून हप्त्याला एक रुपया कमी होता म्हणून ते नाणं. मी म्हटलं राहू द्या वहिनी, एका रुपयाचं काय घेऊन बसता. ती म्हणाली, "नाई भाऊ, हप्ता पुरा असला पायजे." आणि मग शेजारच्या बाईकडे पाहून सहज बोलली, "पोट्टीच्या वाढदिवसाचे पाकीटं हायेत, एक-एक उघडून राह्यली मी दर हप्त्याले." दोघी हसल्या. मी नोटा मोजल्या, टॅबवर एन्ट्री मारली, तिच्या नावासमोरची पट्टी हिरवी झाली आणि मी पुढचं नाव घेतलं.

तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं.

म्हणजे या लाइनमध्ये मी याच्यापेक्षा कितीतरी वाईट पाहिलं आहे. दाराला बाहेरून कुलूप आणि आत माणसं, हप्त्याच्या दिवशी माहेरी निघून गेलेल्या बाया, एकीचे पैसे कमी पडले म्हणून गटातल्या बाकीच्या चौघी तिला सगळ्यांदेखत बोल लावताना. तेव्हा वाईट वाटायचं, पण त्या वाईट वाटण्याला ऑफिसात एक जागा होती. ओव्हरड्यूच्या, म्हणजे हप्ता थकलेल्यांच्या यादीत नाव जायचं, मॅनेजर फोन करायचे, मी परत जायचो, दोन-चार हप्त्यांत काहीतरी मार्ग निघायचा. या वहिनीचं नाव कोणत्याच यादीत नव्हतं. ती आमची सगळ्यात चांगली कस्टमर होती, तिचा एकही हप्ता कधी चुकला नव्हता, पुढच्या सायकलला, म्हणजे हे लोन फिटल्यावर, तिला वाढीव लोन देता येईल असं सिस्टीम दाखवत होती. ना कोणी रडलं, ना कोणी भांडलं. आणि नेमकं तेच माझ्या डोक्यातून जाईना. रात्री जेवताना, गाडी चालवताना, ब्रँचला कॅश भरताना मला त्या पोरीची न उघडलेली पाकिटं दिसायची, किती उरली असतील असा विचार यायचा.

कॅशचा वास ज्यानं रोज घेतला त्यालाच माहीत. मशीनमधून निघालेल्या कोऱ्या नोटेला काही वास नसतो, पण बायांनी आणलेल्या नोटांना असतो. मीठ-मिरचीच्या डब्यात ठेवलेल्या, पोलक्यात ठेवलेल्या, नवऱ्याच्या खिशातून काढलेल्या ज्यांना खर्र्याचा वास येतो, कापसाच्या गाठोड्यात ठेवलेल्या ज्यांना बारीक रुई लागून येते. मी डोळे मिटून सांगू शकलो असतो की ही नोट साधारण कुठून आली. नोकरीच्या शेवटच्या वर्षा-दीड वर्षात त्यात लाडक्या बहिणीचे पंधराशे मिसळले. जुलै २०२४ पासून ती योजना सुरू झाली आणि गावातल्या बायांच्या नावावर पहिल्यांदा दर महिन्याला काहीतरी यायला लागलं, हे मी फार जवळून पाहिलं, एकेकीच्या चेहऱ्यावर पाहिलं. आणि हेही पाहिलं की पैसे जमा व्हायची तारीख आम्हा फील्डवाल्यांना बायांच्या आधी माहीत असायची. पैसे पडले का हो वहिनी, हा प्रश्न मी स्वतः कितीतरी ओट्यांवर विचारला आहे. तो माझ्या कामाचा भाग होता.

टॅबमध्ये लोनचा फॉर्म भरताना एक रकाना येतो, कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे विनातारण लोन द्यायचं आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज त्या घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ द्यायची नाही. नियम चांगलाच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण आमच्याकडच्या घरांना महिना कुठं असतो? जूनमध्ये पेरणी, तेव्हा पैसा फक्त जातो. पोळ्यापर्यंत जातच राहतो, खत, फवारणी, निंदण. दिवाळीच्या आसपास सोयाबीन निघालं तर पहिल्यांदा घरात काही येतं, मग कापूस वेचला जाईल तसातसा, मग तूर. बाईची निंदणाची मजुरी हंगामात रोज, आणि उन्हाळ्यात शून्य. हे सगळं मी विचारायचो, बाई सांगायची, आणि त्याला बारानं भागून मी एक आकडा त्या रकान्यात टाकायचो. आकडा खोटा नव्हता. पण त्या आकड्याएवढे पैसे त्या घरात कोणत्याच महिन्यात येत नव्हते, एखाद्या महिन्यात त्याच्या पाचपट आणि सात-आठ महिन्यांत जवळपास काहीच नाही. हप्ता मात्र दर पंधरा दिवसांनी. मधली जी खोल दरी आहे ती भरायला बाई दुसऱ्या कंपनीचं लोन घ्यायची, मग तिसऱ्या. एप्रिल २०२५ पासून कंपन्यांच्या संघटनेनंच ठरवलं की एका बाईला तीनच्या वर कंपन्यांनी लोन द्यायचं नाही. ते बरोबरच होतं, फक्त ज्या बायांचं फिरवाफिरवीवर चाललं होतं त्यांचा एक नळ अचानक बंद झाला, आणि मग मुलीच्या वाढदिवसाची पाकिटं उघडायची वेळ आली. मी हे कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. माझी ब्रँच वाईट नव्हती, मॅनेजर शिव्या देणारे नव्हते, पगार वेळेवर व्हायचा. फक्त तो रकाना भरताना हात अडायला लागला.

दिवाळी झाल्यावर मी राजीनाम्याचा मेल टाकला. हातात दुसरी नोकरी नव्हती.

सगळ्यांनी एकच सांगितलं, मॅनेजरांनीसुद्धा अगदी मोठ्या भावासारखं सांगितलं, की बाबू दुसरी हातात घे, मग पहिली सोड. आणि लोकांना कदाचित माहीत नसेल, पण आमच्या लाइनमध्ये दुसरी मिळवणं काही अवघड नाही. ज्याला एरियातली गावं पाठ आहेत, बाया ज्याला ओळखतात, त्याला दुसऱ्या कंपन्या शोधत येतात. मला दोन ठिकाणचे फोन होतेच, पगार दोन-तीन हजार जास्त, पेट्रोलचे वेगळे. एकानं स्पष्ट सांगितलं की तुमचे चांगले सेंटर सोबत येतील असं बघा. म्हणजे मी उद्या परत त्याच ओट्यावर गेलो असतो, त्याच ताडपत्रीवर बसलो असतो, गळ्यातल्या आयकार्डची फीत निळीची हिरवी झाली असती, आणि त्या वहिनीला म्हटलं असतं, वहिनी आमच्याकडूनही एक घ्या, तुमचा रेकॉर्ड चांगला आहे. दुसरी हातात घेऊन सोडणं म्हणजे माझ्यासाठी हेच होतं. आणि वेगळ्या लाइनची शोधायची तर वेळ लागतो. सकाळी सहाला घर सोडायचं, रात्री आठला कॅश टॅली करून निघायचं, रविवारी ओव्हरड्यूवाल्यांच्या घरी चकरा, यात अमरावती विद्यापीठाच्या बीएवाल्यानं इंटरव्ह्यू कधी द्यायचा, कुठं द्यायचा? मधली जागा रिकामी ठेवल्याशिवाय मी तिथून निघू शकत नव्हतो. हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं आणि तरी तोंडानं कोणाला समजावून सांगता येत नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा कापसाच्या ढिगाजवळ बसून कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेगळी करत होते. आमची कोरडवाहू शेती आहे, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी. ज्या माणसानं आयुष्यात दोनदा दुबार पेरणी केली, बोंडअळीच्या वर्षी उभ्या पिकात जनावरं सोडली, आणि तरी पुढच्या जूनमध्ये परत बियाण्याच्या थैल्या घेऊन आला, त्या माणसाला मला वाटलं होतं की माझं समजेल. कारण भाव काय लागेल हे माहीत नसताना पेरणारा माणूस आहे तो. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, कापूसच निवडत राहिले. मग म्हणाले, "आपल्या घरी एकच गोष्ट पान्यावर नव्हती रे."

याच्यावर मी काय बोलणार. जो माणूस दरसाल सगळं मातीत टाकून वर पाहत बसतो, त्याला त्या एक तारखेच्या मेसेजचा किती आधार होता हे मला त्या दिवशी कळलं. मला तो मेसेज फक्त पगार होता. बाबांना तो सोसायटीच्या सचिवासमोर ताठ बसायला लागायचा, आईला कृषी केंद्रवाल्याची उधारी दिवाळीपर्यंत ताणायला लागायचा, माझ्या सासऱ्यांनी तर तो पाहूनच मुलगी दिली होती, कारण आमच्याकडे वावर कितीही असो, पोरगा नोकरीवर आहे का हाच पहिला प्रश्न असतो आणि त्यात पोरींच्या बापाचं काही चुकत नाही.

बायकोला मी आधीच बोललो होतो, राजीनाम्याच्याही आधी. ती रडली-बिडली नाही. पोरीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती तिथं तिनं महिन्याचा खर्च लिहायला घेतला, किराणा, गॅस, आईच्या बीपीच्या गोळ्या, पोरीच्या स्कूल व्हॅनचे, माझ्या गाडीचं पेट्रोल. पेट्रोलवर तिनं रेघ मारली. मग गोळ्यांपाशी पेन थांबलं आणि तिनं त्याच्याभोवती गोल केला. मी शेजारी बसून पाहत होतो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घराचा खर्च मी विचारून टॅबात भरत होतो, पण माझ्या घराचा असा एका पानावर कधी पाहिला नव्हता, आणि बायकोचं अक्षर इतकं बारीक नि सरळ आहे हेही तेव्हाच पाहिलं. शेवटी तिनं बेरीज केली आणि विचारलं, "पीएफ किती हाय?" मी सांगितलं. "ग्रॅच्युटी?" म्हटलं त्याला पाच वर्षं भरावी लागतात, आपले काही महिने कमी पडतात. "मंग तेवढे महिने काऊन नाई काढत?" हा प्रश्न बरोबर होता. मी एवढंच म्हटलं की तेवढ्या महिन्यांत मी आणखी किती जणींना लोन देईन ते बघ. ती गप्प बसली. पटलं म्हणून बसली की थकली म्हणून, मला आजही सांगता येत नाही.

नोटीस पिरियडमध्ये हँडओव्हर असतो. नवीन पोरगा पुसदकडचा होता, विशी-बाविशीतला, पहिलीच नोकरी, गाडी मोठ्या भावाची. त्याला मागं बसवून मी एक-एक सेंटर दाखवलं. डिसेंबरची सकाळ, वर्धेच्या काठाकडच्या गावांत धुकं इतकं की हेडलाइट लावूनही समोरची बैलबंडी एकदम अंगावर यायची, रस्त्याच्या दोन्ही बाजूला पऱ्हाटी उभी, वेचणीच्या बाया शेकोटीवर हात शेकत बसलेल्या. मी त्याला सांगत होतो की या गावात पूल पाण्याखाली जातो तेव्हा तिकडून ये, या सेंटरच्या अध्यक्षबाईला कमी ऐकू येतं तर मोठ्यानं बोल, इथं कुत्रं आहे. तो सगळं मोबाइलमध्ये टाइप करून घ्यायचा. मध्येच त्यानं विचारलं, "सर, तुमी कुठं जॉइन करून राह्यले?" मी म्हटलं कुठंच नाही. त्यानं पुन्हा काही विचारलं नाही, पण गाडीवर मागं बसलेल्या माणसाचं गप्प होणं पाठीला कळतं. त्याला बिचाऱ्याला भीती वाटली असेल की या नोकरीत असं काय आहे. मला त्याला घाबरवायचं नव्हतं, त्याच्या घरीही कोणीतरी त्या मेसेजची वाट बघत असणार.

बायांनी मात्र मला इतकं दिलं की डिक्कीत मावेना. तुरीच्या ओल्या शेंगा, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, एकीनं हरभऱ्याचे घाटे दिले आणि म्हणाली हुळा करून खाजा पोरीसंगं. ज्यांच्याकडून मी दर पंधरा दिवसांनी पैसे नेले त्या बाया मला सोले करून खा म्हणून पिशव्या भरून देत होत्या, आणि मला ते घेताना फार जड गेलं, नाही म्हणणंही शक्य नव्हतं. पाकीटवाली वहिनीही होती. तिनं हप्ता भरला, पूर्ण, वेळेवर. मी सोडल्यानं तिचं काही हलकं झालेलं नाही, तिचा हप्ता आता तो पोरगा घेतो. हे मला माहीत आहे आणि हे मी स्वतःपासून लपवून ठेवत नाही.

जानेवारीच्या एक तारखेला मेसेज आला नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी दुपारपर्यंत मोबाइल हातातच. शरीराला अजून जुनीच सवय, पाचला जाग येते, अंधारात उठून बसतो, आणि मग लक्षात येतं की कुठंच जायचं नाही. त्या क्षणी छातीतून एकदम मोकळा श्वास येतो, आणि पाठोपाठ, तेवढ्यातच, पोटात खड्डा पडतो. दोन्ही एकाच वेळी. मी हे कोणाला सांगितलं तर म्हणतात एक काहीतरी खरं असेल. दोन्ही खरं आहे. पानठेल्यावर विचारतात, "काय मंग भाऊ, सुट्टी हाय का?" मी सांगतो सोडली. मग दुसऱ्याच विषयावर बोलणं जातं, आणि मी घरी पोहोचायच्या आत ती गोष्ट घरी पोहोचलेली असते.

आईसोबत कापूस वेचायला जातो आता. शेवटची वेचणी, बोंडं लहान, कवचाची टोकं वाळून सुयांसारखी झालेली, बोटांच्या नखांजवळची कातडी फाटते आणि रात्री भाजीच्या रश्श्यात हात घातला की झोंबते. या २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता, पण सरकारनं ऑगस्टमध्ये बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं ते डिसेंबरअखेरपर्यंत, आणि गावात येणारा व्यापारी सात हजाराच्या आसपासच घुटमळत होता. सीसीआयला, म्हणजे सरकारी खरेदीला द्यायचा तर ॲपवर नोंदणी, स्लॉट, आणि कापसातलं मॉइश्चर बारा टक्क्यांच्या वर गेलं की गाडी परत. नोंदणी मी केली, बाबांना ते जमलं नसतं. केंद्रावर रांगेत रात्र काढली, सकाळी ग्रेडरनं मीटर खुपसलं तेव्हा बाबा माझ्याकडे नाही, त्या मीटरकडेही नाही, दुसरीकडेच पाहत होते. अकरा निघालं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. नोकरीवर असतो तर मी त्या रांगेत नसतो, त्या दिवशी कोणत्यातरी ओट्यावर असतो. बाबांनाही हे सुचलं असेल, पण ते बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही.

दरम्यान बायकोचं वेगळंच सुरू झालं. ती शिवणकाम करते, ब्लाऊज, फॉल, पोरींचे फ्रॉक. लग्नसराईत काम इतकं येतं की परत पाठवावं लागतं, आणि पिको-फॉलसाठी बायांना तालुक्याला जावं लागतं. पिकोची मशीन घेतली तर चार महिन्यांत निघून जाईल असा तिचा हिशेब आहे, आणि हिशेब मी तपासला, बरोबर आहे. पैसे कुठून? तर आमच्या गल्लीत नवीन गट उभा राहतोय. आजपर्यंत तिला कोणी गटात बोलावलं नव्हतं, पगारवाल्याचं घर म्हणून. आता शेजारच्या काकूंनी स्वतः येऊन विचारलं. गट उभा करणारी कंपनी माझी जुनी नाही, पण फॉर्म तोच, टॅब तोच, रकाना तोच.

मी नाही म्हटलं. लगेच, विचार न करता, तोंडातून निघालं. ती शिलाई मशीनवर होती, तिनं पायडल थांबवलं नाही. म्हणाली, "तुमाले त्या बाया दिसते. मले मशीन दिसते. मीबी त्यातली एक बाई हावो ना, मंग मले ठरवू द्या." रात्रभर मी आढ्याकडे पाहत पडलो होतो. मला त्या पाकिटांची भीती वाटत होती, आमच्या पोरीच्या वाढदिवसाच्या. पण ज्या बायांबद्दल मला इतकं वाटतं त्यांतल्या प्रत्येकीनं कधीतरी असाच हिशेब मांडला असेल, आणि प्रत्येकीचा चुकला असेल असं थोडीच आहे. काहींच्या मशिनी मी स्वतः पाहिल्यात, काहींच्या म्हशी.

मंगळवारी तिच्या गटाचं ट्रेनिंग आहे आणि ती जाणार आहे. मी तिला काल बसवून जे मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. लोन कार्ड मराठीत मागून घे, ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. हातात येणारी रक्कम आणि कागदावरची रक्कम यात विम्याचे नि फीचे किती गेले ते सही करायच्या आधी विचार. सीझनमध्ये पैसे आले तर मुदतीआधी फेडता येतं, त्याला दंड नसतो. एखादा हप्ता थकलाच तर दंड त्या थकलेल्या पैशावर लागतो, पूर्ण लोनवर नाही, आणि सकाळी नऊच्या आधी, संध्याकाळी सहाच्या नंतर वसुलीसाठी फोन करायची त्यांना परवानगी नाही. ती त्याच वहीत, पेट्रोलवर मारलेल्या रेघेच्या खाली, हे लिहून घेत होती. मग तिनं विचारलं की महिन्याचं उत्पन्न विचारलं तर काय सांगू. मी म्हटलं कापसाचे किती आले ते सांग, तुझ्या शिलाईचे कोणत्या महिन्यात किती येतात ते सांग, आणि माझ्या नावासमोर सध्या काही लिहू नको म्हण.